कुशीवर वळलेला माणूस

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात पाणी आलं की झोप जाते. कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ दिवसांनी. रात्रीचा दीड वाजलेला असला तरी उठायचं, मोटार लावायची आणि टाकी भरेपर्यंत जिन्यात बसून राहायचं. अशाच एका रात्री मोबाईलवर अगदी बारीक आवाजात 'तरुण आहे रात्र अजुनी' लावून बसले होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन खाली आल्या, दोन पायऱ्या वर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे गाणं असं रात्री-अपरात्री लावू नये. मेलेल्या माणसाचं आहे ते."

मी ब्लाउज शिवते. गजानन महाराज मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला छोटं दुकान आहे. आणि गेली बावीस वर्षं मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदन करते. गणपती, कोजागिरी, कुणाची साठी, कुणाचा निरोप समारंभ. तबलजी हातोडी घेऊन तबला जुळवतो, गायिका पाण्याचा घोट घेते, तेवढ्या वेळात दोन गाण्यांमधली फट आपण भरायची. ती भरताना मी गाण्यांचे अर्थ सांगत आले, आणि त्यात जेवढ्या चुका केल्या तेवढ्या मापातही केल्या नाहीत. ब्लाउज चुकला तर बाई परत घेऊन येते. चुकीचा अर्थ कुणी परत आणून देत नाही, तो पुढे जात राहतो. ते गाणं मेलेल्या माणसाचं आहे, हे वहिनींना सांगणारी मीच होते. ती गोष्ट पुढे येईलच; त्याआधी आणि नंतर, अशा चुकांतून शिकलेले हे काही नियम.

१. अर्थावर भांडण्याआधी शब्द कोणता आहे ते बघा.

आमच्या वस्तीचं नावच पुंडलिकाचं, त्यामुळे विठ्ठलाच्या आरत्यांना इथे तोटा नाही. 'येई हो विठ्ठले' या आरतीत 'निढळ' असा एक शब्द येतो. आमच्या गल्लीत तो निदान चार प्रकारे म्हटला जातो. लहानपणी मी 'निजाळ' म्हणायचे. निजाळ म्हणजे देवाची निजायची जागा, अशी माझी पक्की समजूत. पलंगाच्या काठावर हात ठेवून कुणीतरी विठ्ठलाची वाट बघतंय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे पंधरा वर्षं होतं.

लग्नानंतर सासऱ्यांनी एकदा विचारलं, "निढळाचा घाम म्हणतो आपण, तो कुठून गळतो?" कपाळावरून. निढळ म्हणजे कपाळ. मग चित्र एकदम पालटलं. बांधावर उभी राहिलेली बाई उन्हात डोळ्यांवर हात धरून लांबून कोण येतंय ते बघते ना, तशी ती आरतीतली वाट बघणारी माणसं. पलंग गेला, ऊन आलं.

असंच गणपतीच्या आरतीतल्या 'उटी'चं होतं. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप, आणि अर्धी गल्ली गणपतीची 'ओटी' भरत असते. 'संकटी' की 'संकष्टी' यावरून तर दर वर्षी मंडपात दोन तट पडतात. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात निघाला, आता तो फोनवरही उघडतो. मंडपातलं अर्धं भांडण तिथेच मिटेल, पण मग आरतीला मजा काय राहिली!

२. शब्द बरोबर कळला, तरी तो एकाच खुंटीला बांधलेला नसतो.

ज्ञानेश्वरांच्या रचनेतला 'कानडा' विठ्ठल घ्या. आशा भोसले यांच्या आवाजात ते गाणं घराघरांत गेलं आहे. पहिल्यांदा ते जाहीर करताना मी ठामपणे सांगितलं, कानडा म्हणजे कर्नाटकातला. रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ मध्ये आलं. त्यात त्यांनी विठ्ठलाची मुळं दक्षिणेत किती खोल गेली आहेत ते दाखवलं आहे, तेव्हा माझं बोलणं काही निराधार नव्हतं. कार्यक्रमानंतर एक वारकरी आजोबा म्हणाले, "बरोबर आहे माय. पण कानडा म्हणजे न कळणारा, हे पण सांग की." आपण न समजणाऱ्या बोलण्याला कानडी म्हणतो, तो अर्थ. देव दुसऱ्या मुलखाचा आहे म्हणून त्याची भाषा कळत नाही, की कळतच नाही म्हणून तो दुसऱ्या मुलखाचा वाटतो? पुढे येणारा 'कर्नाटकु' हा शब्दही काही जण फोडून घेतात, नाटक करणारा, लीला करणारा असा. आजोबांना दोन्ही अर्थ चालत होते. निवडायला फक्त मलाच हवं होतं.

दुसरा शब्द आमच्याच जिल्ह्यातल्या कवीचा. ना. धों. महानोर सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे. 'जैत रे जैत' (१९७७) या जब्बार पटेलांच्या चित्रपटासाठी त्यांनी 'मी रात टाकली' लिहिलं. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना 'टाकली' म्हणताच साप आणि त्याची कात आठवते, आणि ती गाण्यात आहेच. आमच्याकडे मात्र 'टाकलेली' हा शब्द बाईला लागतो. नवऱ्यानं टाकलेली. दुकानात माप द्यायला आलेली बाई गेल्यावर दुसरी बाई हळूच जो शब्द उच्चारते, तो हा. चित्रपटातली स्मिता पाटीलची चिंधी नवऱ्याला सोडून आलेली आहे. हे धरून गाणं ऐकलं की क्रियापदाचा कर्ताच बदलतो. इथे टाकणारी बाई आहे. हा अर्थ महानोरांच्या मनात होता का, याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्द आमच्या बोलीतला आहे, आणि आमच्या बोलीत तो अर्थ त्याला चिकटलेला आहे. तेवढा आधार मला पुरतो.

३. एका ओळीवर गाणं उचलू नका.

नणंदेचा मुलगा कॉलेजात होता. एका मुलीनं त्याला नाही म्हटलं. त्यानं फोनच्या स्टेटसला 'ती गेली तेव्हा' लावलं. अर्ध्या तासात नणंदेचा मला फोन, आवाज कापरा : "वहिनी, मी धडधाकट जिवंत असताना हा आईचं गाणं कामून लावून बसला?"

ग्रेसांची कविता, चाल आणि आवाज हृदयनाथ मंगेशकरांचा, चित्रपट 'निवडुंग' (१९८९). कवितेत पुढे ती जाणारी बाई आई आहे असं कवी उघड म्हणतो, आणि बालपण संपल्याचंही म्हणतो. पण पाऊस आहे, कुणीतरी गेलं आहे, एवढ्यावर लोक ते प्रेमभंगाला लावतात. भाच्याला मी सगळी कविता वाचायला लावली. तो म्हणाला, "मामी, मग स्टेटस काढू का?" म्हटलं, आधी आईला फोन कर.

पण आई हे ठरलं म्हणून कविता सुटली असं नाही. 'गेली' म्हणजे वारली, की घर सोडून गेली? आपण उंबऱ्यावरून 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, कारण 'गेली' या शब्दाच्या ओच्यात मरण बांधलेलं असतं. मराठीत माहेरी गेलेली, दुसऱ्या कुणाबरोबर गेलेली आणि देवाघरी गेलेली अशा तिघीही 'गेली'च. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, जन्म १९३७, निधन २०१२. आयुष्यभर त्यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का होता, आणि तो पुसायला ते काही वाचकांच्या दारी गेले नाहीत. माझं मत विचाराल तर इथली संदिग्धता खरी आहे, कारण ती कवितेच्या शब्दातच आहे. आई हे कवितेनं सांगितलं आहे, ते आपल्याला बदलता येत नाही. कशी गेली हे सांगितलेलं नाही, ते आपल्याला भरून टाकता येत नाही.

४. दोन अर्थ असतील तर वरचा आधी येऊ द्या.

हे सासूबाईंनी शिकवलं. नाथषष्ठीला आमचं महिला भजनी मंडळ भारुडं म्हणतं. पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि आमच्या नळाला येतं ते पाणीही संत एकनाथांच्याच नावाच्या नाथसागराचं, त्यामुळे नाथांवर आम्ही जरा हक्क सांगतो. 'सत्वर पाव गे मला' या भारुडातली बाई भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरची एकेक माणसं घरातून कमी करायला सांगते. शेवटी तिला एकटीलाच राहायचं आहे.

मी नव्याने निवेदन करायला लागले होते, अंगात उत्साह फार. भारूड सुरू होण्याआधीच मी उभी राहून सांगितलं की इथली सासू खरी सासू नाही, सासरा खरा सासरा नाही, हे सगळे मनाला जखडणारे मोह आणि विकार आहेत, आणि एकटं राहायचं म्हणजे परमात्म्याशी एकरूप व्हायचं. बायांनी माना डोलावल्या. मग भारूड झालं आणि एकही बाई हसली नाही. दर वर्षी त्या ठिकाणी सभामंडप डोक्यावर घेतात.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तू ते आधी कामून सांगितलंस? आधी बायांना हसू द्यायचं. सासूला ने म्हणताना सून हसती, सासू पण हसती. हसून झाल्यावर बाई गप होती. तेव्हा सांगायचं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी पण माझ्या सासूला मनात धरून म्हणायचे. तू मला धरून म्हणत असशील." मी काहीच बोलले नाही. रिक्षा सूतगिरणी चौकात सिग्नलला थांबली होती.

वरचा अर्थ टरफल आणि आतला दाणा, असं आपल्याला शाळेपासून शिकवतात. मला ते पटत नाही. ब्लाउजला आतून अस्तर लावलं म्हणून वरचं कापड खोटं ठरत नाही. जाचाला कंटाळलेली सून नाथांना खरोखर दिसली असणार, तिचा नवस त्यांनी मन लावून ऐकला असणार, म्हणून तर चारशे वर्षांनंतरही बाया ते भारूड आपलं म्हणून म्हणतात. तिला पुसून टाकून नुसता परमार्थ ठेवला तर नाथांनी एवढा खटाटोप कशाला केला? सरळ अभंग लिहिला असता.

५. ज्या किश्श्यानं श्रोते रडतात, तो दोनदा तपासा.

आता ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप आला. तुमच्याकडेही आला असेल. 'तरुण आहे रात्र अजुनी' हे गाणं शृंगाराचं नाहीच, असं त्यात लिहिलेलं. तरुण जवानाचं पार्थिव घरी आणलं आहे, रात्रभर त्याच्याजवळ बसलेली त्याची बायको त्याच्याशी बोलते आहे, आणि सुरेश भटांनी ते पाहून हे गाणं लिहिलं. खाली हात जोडलेले, तिरंगा, 'आता पुन्हा ऐका, डोळ्यांत पाणी येईल.' ऐकलं. आलं.

मी लगेच ते वहीत उतरवलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून अकरा कार्यक्रमांत सांगितलं. निवेदकाला असा मजकूर म्हणजे तयार माल. आवाज थोडा खाली आणायचा, 'रसिकहो' न म्हणता 'मित्रांनो' म्हणायचं, शेवटच्या वाक्याला दिव्यांकडे बघायचं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. गायिका मला म्हणायची, तुमच्यामुळे माझं गाणं उठतं. हा निरोप नंतर दोन वेगळ्या रूपांत माझ्याकडे आला. एकात युद्ध चीनचं होतं, दुसऱ्यात पाकिस्तानचं. एकातही पुस्तकाचं नाव नव्हतं, की भट हे कुठे, कधी, कुणाला म्हणाले ते नव्हतं. मापाची वही असती तर मी लगेच म्हटलं असतं, दोन मापं जुळत नाहीत, पुन्हा घ्या. इथे म्हटलं नाही. टाळी मिळत होती.

बारावा कार्यक्रम कोजागिरीचा, गारखेडा भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. दूध आटत होतं, चंद्र बरोबर डोक्यावर. मी गोष्ट सांगितली, गाणं झालं, गच्ची चिडीचूप. दुधाच्या रांगेत पन्नाशीच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. मुलाच्या शिक्षणासाठी गावाहून इथे येऊन राहिलेल्या. त्यांचे मालक सैन्यात होते आणि गेले, एवढं शेजारणीनं मला आधीच कानात सांगितलं होतं. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या गाण्यातला माणूस कुशीवर वळतो. मेलेला माणूस वळत नाही."

मी काहीतरी पुटपुटले, कवीची कल्पना असते वगैरे.

"आमची तर पेटी उघडूच दिली नव्हती," त्या म्हणाल्या. दुधाचा पेला त्यांनी तसाच हातात धरला होता. "ते सुट्टीवर यायचे ना, दोन दिवसांच्या प्रवासानं. जेवले की झोपायचे. मी हे गाणं म्हणून त्यांना चिडवायचे. आज तुम्ही त्यांना त्यातसुद्धा मारलं."

एवढं बोलून त्या पोराला हाक मारत जिन्याकडे गेल्या. मी त्यानंतर आणखी तीन गाण्यांचं निवेदन केलं. काय बोलले ते आठवत नाही.

६. मग शिवण उसवा आणि कापड बघा.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. गाणं कागदावर लिहून काढलं आणि प्रत्येक कडव्यापुढे दोन रकाने आखले. माणूस जिवंत, माणूस मेलेला. वीस वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं.

तो निरोप लिहिणारा अगदीच हवेत बोलत नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. विझणं आणि मिटणं ही दोन क्रियापदं त्याच्या बाजूनं आहेत. दिवा विझतो तसा माणूसही विझतो, डोळे कायमचेही मिटतात. गाणाऱ्या बाईच्या स्वरात झोपलेल्या नवऱ्याच्या मानानं दुःख जास्त आहे, हेही खरं. पण दुसऱ्या रकान्यात भर पडत गेली. तो एका कुशीवर वळला आहे, तेही इतक्या लवकर, ही तिची पहिलीच तक्रार. हाक आहे ती लावणीतली, लाडाची. वारा त्याला रातराणीच्या वासाबद्दल विचारतो आहे. शेवटी लाटा उसळताहेत आणि तो किनाऱ्यासारखा कोरडाच राहिला आहे. पार्थिवाजवळ बसलेली कुठलीही बाई त्याला कोरडा राहिल्याबद्दल दोष देणार नाही. मिटणं हे तिच्या उमलण्याच्या समोर ठेवलं आहे, फुलासारखं. म्हणजे विझणं-मिटणंही बाजू बदलून दुसऱ्याच रकान्यात गेलं.

आणि कोजागिरी! ती तर मी बाराही वेळा तोंडानं उच्चारली असेल. कोजागिरी म्हणजे 'को जागर्ति', कोण जागं आहे असं लक्ष्मी विचारत फिरते ती रात्र. जिच्या नावातच 'जागा आहेस का' हा प्रश्न आहे, त्या रात्रीच हा गडी झोपला आहे. भटांनी सगळी रात्र त्या बाईच्या बाजूनं साक्षीला उभी केली आहे. हे सोडून मी गच्चीवर तिरंगा घेऊन आले होते.

हे गाणं गझलेच्या बांध्याचं आहे, हेही मी विचारात घेतलं नव्हतं. ओळीच्या शेवटी तोच 'का रे' फिरून येतो, आणि दोन-दोन ओळींचा प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. गझलेत सलग कथा असायलाच हवी असं नाही. आपण मात्र पार्थिव, घर, बायको, पहाट अशी कथा शिवतो आणि मग शेर त्यात बसत नाहीत म्हणून ओढतो, ताणतो.

गझल म्हटली की आमच्या शहराला जरा मान ताठ करायला हरकत नाही. वली आणि सिराज, दोघेही शहराच्या जुन्या नावानं, औरंगाबादी म्हणून ओळखले जातात. अठराव्या शतकातल्या सिराजची गझल कव्वाल आजही गातात. सिराजच्या उर्दूत प्रियकर असो, प्रेयसी असो, गुरू असो की देव, क्रियापद बहुधा पुल्लिंगीच. त्यामुळे ते प्रेम माणसावरचं की ईश्वरावरचं, हे कवीला झाकून ठेवता येतं आणि ऐकणाऱ्याला आपापल्या इभ्रतीप्रमाणे घेता येतं. मराठी हे झाकू देत नाही. 'निजलास' म्हटलं की समोर पुरुष आहे हे कळलं, आणि बोलणारीनं स्वतःसाठी 'विझले' म्हटलं की ती बाई आहे हे कळलं. पडदा संपला. बाई आपल्या पुरुषाला विचारते आहे, मी जागी आहे, तू का झोपलास.

मला वाटतं, जवानाची गोष्ट इथून आली. पुरुषानं हीच तक्रार बायकोजवळ केली असती, तर तिला मारून टाकायची कुणाला गरज वाटली नसती. शेकडो गाण्यांत तो ती करतो आणि आपण 'वा' म्हणतो. बाईनं केली की आपण खाली बघतो. मेलेल्या नवऱ्याजवळ बाईला काहीही बोलायची मुभा आहे, जिवंत नवऱ्याजवळ नाही. त्या निरोपानं गाण्याचा अर्थ उलगडला नाही, गाण्याच्या डोक्यावरून पदर तेवढा ओढला. आणि तो पदर बारा ठिकाणी नीट खोचून देण्याचं काम मी केलं, बाई असून. ज्या बाईकडे ते गाणं खरोखर होतं, नवऱ्याला चिडवण्यासाठी, तिच्यापासून ते मी काढून घेतलं.

याचा अर्थ गाण्यात संदिग्ध काही उरत नाही असा नव्हे. तो नुसता दमला आहे, की त्याचं मनच उडालं आहे? ही एका रात्रीची गोष्ट, की अशा पुष्कळ रात्री गेल्या आहेत? ती चिडवते आहे, की आतून मोडली आहे? हे मी आजही ठरवू शकत नाही, आणि ठरवायला कुणी सांगितलंही नाही.

७. चाल हासुद्धा कुणीतरी लावलेला अर्थच असतो.

कविता वाचली आणि गाणं ऐकलं, या दोन वेगळ्या गोष्टी. हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज काढून ते शब्द कागदावर वाचले, तेव्हा मला त्यात राग जास्त दिसला. गाण्यात तो राग व्याकूळ होऊन येतो. म्हणून हल्ली गाण्याचा अर्थ कुणी विचारला की मी आधी विचारते, वाचलेल्याचा की ऐकलेल्याचा? समोरचा वैतागतो, पण प्रश्न बरोबर आहे.

८. प्रसंगानं अर्थ बदलतो, त्याला इलाज नाही.

शाळेतल्या एका निरोप समारंभात ऐन भाषणात वीज गेली आणि अंधारातून कुणीतरी 'मालवून टाक दीप'ची फर्माईश केली. तेही भटांचंच, लताबाईंनी गायलेलं, आणि अतिशय नाजूक. त्या दिवशी ते वीज कंपनीचं गाणं झालं. मुख्याध्यापकसुद्धा हसले.

९. चूक सांगितली त्याच ठिकाणी जाऊन दुरुस्त करा.

हे सगळ्यात अवघड. आधीच्या अकरा कार्यक्रमांतले श्रोते कुठे शोधणार? पण आमच्या ग्रुपवर मी लिहिलं की ती गोष्ट मी तपासली नव्हती आणि गाण्याचे शब्द तिच्या बाजूनं नाहीत. तीन जणांनी अंगठा दाखवला, एकानं तीच गोष्ट पुन्हा टाकली. गच्चीवरच्या बाईंकडे गेले. त्यांनी चहा केला, मुलाच्या परीक्षेबद्दल बोलल्या, गाण्याचा विषय काढू दिला नाही. निघताना मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "येत जा." बस.

राहता राहिल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या रात्री जिन्यात, टाकी भरत असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. कुशीवर वळणं, कोजागिरी, कोरडा किनारा. वहिनी मूळच्या पुण्याच्या, ऐकून घेण्याची सवय कमी, पण त्या दिवशी पायरीवर बसल्या आणि गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. पूर्ण ऐकलं. मग बादली उचलत म्हणाल्या, "म्हणजे चांगला जिवंत आहे? मग झोपतो कशाला मेला!"

यंदाच्या कोजागिरीचा कार्यक्रम ठरला आहे. वहीत या गाण्यापुढे आधीचं दीड पान खोडून एवढंच लिहिलं आहे : शब्द सुरेश भट, संगीत हृदयनाथ मंगेशकर, मूळ गायिका आशा भोसले.